आखाजीच्या झोक्यावर बसलेली टाकी

मी टाकी बोलतेय. नाही, गच्चीवरची नाही. टाकी म्हटलं की तुम्ही आधी नळ शोधता, म्हणून सांगून टाकते. मी मोटारसायकलची पेट्रोलची टाकी. सीट आणि हँडल यांच्या मधे ऐटीत बसलेली, काळ्या रंगाची, दोन्ही गालांवर सोनेरी पट्टे. गाडी पुसताना फडकं पहिलं माझ्यावर फिरतं, आणि फोटो काढताना माणसं हात माझ्यावरच ठेवतात. इंजिन बिचारं खाली राबून काळं होतं आणि मिरवते मी. चालायचंच.

माझा जन्म ब्याऐंशी सालचा, एका मोठ्या कारखान्यातला. बाहेरून मला चांगला जाड रंग दिला. आतून मात्र नुसता पत्रा. आत कोण बघतंय, असं त्या शहाण्यांना वाटलं असणार. त्यांचं ते वाटणं पुढे माझ्या जिवाशी आलं.

धुळ्याच्या दुकानातून मला सोनगीरला आणलं ते जीवराम आबांनी. कापूस-भुईमूग पिकवणारा माणूस, आवाज असा की इंजिन चालू असलं तरी त्यांचंच ऐकू यायचं. गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या कारभारणीनं, झुंबरबाईनं, मला कुंकू लावलं आणि लगेच बोटानं टिचकी मारून कान लावला. सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथली बाई आधी टिचकी मारते, मग भाव विचारते.

"पातळ शे," झुंबरबाई म्हणाली. मला राग आला, पण बाई खोटं बोलली नव्हती.

आबांना दोन लेकरं. थोरला लोटन आणि धाकटी प्रमिला, घरातली पमा. पमाची जागा माझ्यावर. पुढे, आबांच्या दोन हातांच्या मधे. पाय दोन्हीकडे सोडून बसायची आणि गाडी उडाली की पायातल्या तोरड्या माझ्या गालांवर घासायच्या. त्याचे ओरखडे उठले, इकडे आणि तिकडे. लोटन चिडायचा. आबा हसायचे आणि पमाला म्हणायचे, "धरी बस, पडशी." ती काही पडली नाही. मी तिला पडू दिलं असतं होय!

पुढे पमाचं लग्न झालं, पाचोऱ्याला. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकीबाळींचा सण. वैशाखाच्या उन्हात सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, मनसोक्त गातात. त्यांना आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो, नाहीतर सासरी मान राहत नाही. पाठवणीच्या वेळी पमा आबांच्या गळ्यात पडून रडायला लागली तेव्हा आबा म्हणाले, "दर आखाजीले मीच येसू तुले लेवाले. याच गाडीवर." आणि पुढच्या आखाजीला गेलेही. मुराळी म्हणून भाऊ जातो, बाप नाही, असं कोणी म्हणालं तर आबांनी मिशीवरून हात फिरवला, बस्स.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी आबा गेले.

लोटनला माझ्याकडे बघवेना. त्यानं गाडी गोठ्यात लावली आणि वर गोणपाट टाकलं. माझ्या तळाशी दोन बोटं पेट्रोल, वर सगळी रिकामी. पाऊस, दमट हवा, बैलांचे श्वास. आतून मला खाज सुटावी तसं झालं, मग तांबूस पापुद्रे धरायला लागले. बाहेरून मी तशीच रुबाबदार, हो! माणसांचंही असंच असतं म्हणा. पोशाख बघून कोणाला कळतंय, आत काय चाललंय ते.

आखाजी आली तेव्हा लोटननं गोणपाट काढलं, ताजं पेट्रोल ओतलं आणि निघाला बहिणीला आणायला. धुळ्यापर्यंत मी कशीबशी नेली. पारोळ्याच्या अलीकडे माझा गंज नळीतून खाली उतरला, कार्बोरेटर चोंदला, गाडी खोकली आणि बसली. लोटननं ढकलली, शिव्या दिल्या, पुन्हा ढकलली. शेवटी कांद्याच्या ट्रकवर आम्ही दोघं परत आलो. पमा पाचोऱ्याच्या ओट्यावर बोचकं बांधून बसलेली होती म्हणे. आखाजी तशीच गेली. तिची सासू लताबाई शेजारणींना सांगत सुटली, "आमची सून माहेरच्या गाडीची वाट बघतेय, अजून!"

पुढच्या वर्षी आखाजीच्या तोंडावर पाचोऱ्याहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर पमाचा निरोप आला. "आबानी गाडीवर उना तं येसू, नहीतं नही." म्हणजे भाऊ आबांच्या गाडीवर आला तरच येईन, नाहीतर नाही.

झुंबरबाईनं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "बापनीच लेक शे," एवढंच म्हणाली. पण तिचा जीव टांगणीला लागला. आबा गेल्यापासून घरात दोन माणसं आणि दोघांचीही बोलायची सवय गेलेली. पमा आली असती तर घर पुन्हा बोलतं झालं असतं. आणि पमा म्हणजे हट्टाचं पोर. नाही म्हणाली की नाही.

लोटननं फाट्यावरच्या गिरधर मिस्तरीला बोलावलं. गिरधर हा माणूस विचारायच्या आधी सल्ला देणारा. त्यानं झाकण उघडून माझ्यात एक डोळा घातला आणि लगेच मागे सरला.

"भाऊ, नवी टाकी टाक. हाई भंगारमा दे."

माझ्या अंगावर काटा आला. पत्र्यावर काटा कसा येतो, ते विचारू नका.

लोटन माझ्या गालावरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत राहिला. म्हणाला, "टाकी बदली तं गाडी आबानी कशी राही?"

गिरधरनं डोकं खाजवलं. आत बारीक खडे आणि काहीतरी आंबट घालून खूप हलवली तर निघेलही गंज, म्हणाला. पण हात तुटतील हलवून.

झुंबरबाई दारातून ऐकत होती. पदर खोचून पुढे आली. "टाकी म्हणजे काय शे? झाकणना हंडा. जलम गया मन्हा भांडा घासामा."

मग माझी जी काही आंघोळ निघाली! पेट्रोल काढलं, मला गाडीवरून उतरवलं, खालचं भोक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बंद केलं, चिंचेचा कोळ ओतला, मूठ-दोन मूठ खडे टाकले. लोटननं मला छातीशी धरून घुसळायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात खाली बसला. तेवढ्यात शेजारची धुरपदाबाई डोकावली. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेलाच होता, पमासाठी, झुंबरबाईनं स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. धुरपदाबाईनं एकदा झोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पमा नही उनी तं काय, तिनी टाकी तं उनी. झोका दे तिले."

गोधडीत गुंडाळून मला झोक्यावर बसवलं, दोरानं बांधलं, आणि गल्लीत माहेरी आलेल्या पोरी जमल्या. एक झोका देते, दुसरी मला मांडीवर घेऊन बसते, तिसरी गाणं उचलते. आत खडे खळाखळा, बाहेर पोरी खळाखळा. लेकीबाळींचा सण मी इतकी वर्षं दारात उभी राहून पाहिला होता, त्या दिवशी मी स्वतः माहेरवाशीण झाले. गिरधर चहा पीत बघत होता. इतकं काम झालं तरी सल्ला चालूच, "जोरात द्या, जोरात!"

रात्रभर चिंच मुरवली, सकाळी पुन्हा झोके. मग कोळ ओतला तर गडद लाल चिखल पडला. लोटननं बॅटरी मारून आत पाहिलं आणि आईला हाक मारली. आत पांढरा, लखलखीत पत्रा. मला जन्मल्यासारखं हलकं वाटलं. लोटन म्हणाला, उद्या पहाटे पेट्रोल घालतो आणि निघतो. आणि आनंदात झोपायला गेला.

इथे घात झाला. लोटन गेल्यावर झुंबरबाईनं मला ओट्यावर ठेवलं आणि कळशीनं गळ्यापर्यंत पाणी भरलं. वर फूल ठेवलं. मी ओरडून सांगणार तरी कशी?

पहाटे लोटननं पाणी ओतलं ते नारिंगी. आत पुन्हा लाली. तो ओट्यावर बसून राहिला. आखाजी दुसऱ्या दिवशी होती.

झुंबरबाईचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "घासेल भांडं रातभर रिकामं ठेवतस का कोणी? आनि त्यास्नी वस्तू शे. रिकामी कशी ठेवू मी?" असं म्हणून ती रडली. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच, लोटनसमोर. लोटननं आईच्या पाठीवर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं आणि, खरं सांगू का, बरंही वाटलं.

गिरधर धावत आला. मला पाहिलं आणि हसायला लागला. "अक्का, हाई तांबं नही, लोखंड शे. पाणी दिसताच लाल व्हस. मीच सांगाले इसरनू." मग जरा थांबून म्हणाला, "पन तुन्हं बी बरोबर शे. टाकी रिकामी ठेवानीच नही. फक्त पाणी नही, पेट्रोल भरानं. काठोकाठ."

झुंबरबाईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू आपलं बरोबर ठरलं, आता बाकी जग चुकलं तरी चालेल.

लाली कोवळी होती. पुन्हा चिंच, घाईघाईनं झोका, खायच्या सोड्याचं पाणी, आणि लगेच पेट्रोलनं विसळणं. मग वैशाखातलं आमच्याकडचं ऊन! त्यात ओल टिकायची काय बिशाद. दुपार कलायच्या आत मी कोरडी, गाडीवर चढलेली आणि काठोकाठ भरलेली.

निघालो. पांझरेचा पूल ओलांडला, धुळं मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे ती जागा आली तशी लोटनची मांडी माझ्यावर घट्ट आवळली. मी पेट्रोल सोडत राहिले, स्वच्छ, थेंब न चुकता. गेलो पुढे. तो एकटाच मोठ्यानं हसला.

दिवेलागणीला पाचोरं. आवाज ऐकून लताबाई आधी बाहेर आल्या, गाडी बघून आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, आली हो तुझी गाडी." आवाजात या वेळी हसू खरं होतं. पमा धावत आली. भावाकडे बघायच्या आधी तिनं माझ्या गालावर हात ठेवला, ओरखड्यांवर. तळहात गरम होता, की मीच तापलेली होते, कोण जाणे.

सकाळी उजाडता निघालो. बोचकं मागे बांधलं, पमा मागे बसली. तिची दोन वर्षांची पोर मात्र मागे बसेना. हात पसरून पुढेच येते म्हणाली. लोटननं तिला उचलून माझ्यावर ठेवलं. पायात इवल्या तोरड्या.

"धरी बस," लोटन म्हणाला, "पडशी."

 मागे पमानं भावाच्या पाठीवर डोकं टेकलं.

त्याला आता बऱ्याच आखाज्या झाल्या. मी अजून त्याच गाडीवर आहे. सोनेरी पट्टे फिके पडलेत आणि लोटन मला नवा रंग द्यायचं म्हणतोय. दे बाबा, पण गालांना हात लावू नकोस. तिथे आता जुन्या ओरखड्यांशेजारी नवे उठलेत. आणि तुमच्या घरी कोणाची मागे राहिलेली गाडी गोणपाटाखाली उभी असेल, तर एकदा झाकण उघडून आत बघा. बाहेरून कळत नाही. झुंबरबाई अजून दर शनिवारी बोटानं टिचकी मारते, कान लावते, मी भरलेली आहे याची खात्री करते आणि म्हणते, "भरेल शे."