लाल टोपी कोणाच्या टेबलावर

आमच्या ऑफिसातल्या अण्णांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षी अण्णांनी मला जोडलं. मित्रांनो, मी एक जुना बिल्ड सर्व्हर आहे.

आमच्या ऑफिसात प्रत्येक जण आपापला कोड लिहितो आणि सगळ्यांच्या सामायिक साठ्यात ठेवतो. त्याला इथे रेपो म्हणतात. तिथले तुकडे उचलून मी त्यांचा एक प्रोग्रॅम करतो, म्हणजेच बिल्ड. जुळलं तर माझा दिवा हिरवा, नाहीतर लाल. लाल झाला की ज्याची चूक, त्याच्या टेबलावर लाल टोपी जाते. म्हणून सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत. मीही बघे. आलेल्या प्रत्येक तुकड्यावर संशय घेणं हेच माझं काम.

एकदा माझी डिस्क भरली. साहेबांनी नव्याने लागलेल्या मुलीला ती साफ करायला सांगितलं. तिने माझं पोट रिकामं केलं आणि दिवा लाल झाला. पुन्हा चालवलं, पुन्हा लाल.

"कालपर्यंत चालत होतं," तिच्या शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला. "हात कोणाचा लागला, ते दिसतंयच."

"रेपोतलं मी काहीच काढलं नाही."

"असं सगळेच म्हणतात."

"माझ्या मशीनवर तर चालतंय, पोरी," अण्णा म्हणाले.

टोपी तिच्या टेबलावर गेली. साहेबांनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

मलाही तिचाच संशय होता.

ती माझ्यासमोर बसून लाल दिव्यामागची माझी तक्रार ओळीओळीने वाचू लागली. मग उठून अण्णांकडे गेली. "अण्णा, हा जी फाईल मागतोय, ती रेपोत कधी नव्हतीच. मग इतकी वर्षं बिल्ड होत कसं होतं?"

अण्णांचा चहा तसाच राहिला. लग्नाच्या धांदलीत त्यांनी ती फाईल थेट माझ्या पोटात टाकली होती, रेपोत नंतर टाकू म्हणून. ती माझ्याकडे होती आणि त्यांच्या मशीनवर. बाकी कुठेच नाही.

त्यांनी तिच्या टेबलावरची टोपी उचलून आपल्या टकलावर चढवली. "बरोबर बसते," म्हणाले. फाईल रेपोत गेली, दिवा हिरवा झाला. चष्मेवाला बराच वेळ स्क्रीनमधून डोकं वर काढेना.

"आता दर शनिवारी ह्याचं पोट रिकामं करून बघ," अण्णांनी तिला सांगितलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मित्रांनो, ज्यावाचून चौघांचं काम अडतं, ते आपल्यापुरतं ठेवू नका. अण्णांचं मशीन पुढे आतलं सगळं पुसून दुसऱ्याला दिलं, तेव्हाही माझा दिवा हिरवाच राहिला.

थोरलीच्या बाळाला पहिला दात आला, त्या हिवाळ्यात अण्णा वारले.