मुकी घुंगरमाळ

इसापूर धरणाच्या पाण्यावर मिराबाई होडीनं माणसं पलीकडं पोचवायची. २००९ साली होडी चोरीला गेली, तेव्हा सारा तांडा हळहळला. मिराबाईनं मात्र पदर खोचला. होडीच्या फळीखाली तिनं जीपीएसची डबी बसवून घेतली होती. डबीला फोन लावला की होडी कुठं आहे त्याचे आकडे मेसेजनं यायचे. एकेका काठाला होडी लावून तिथले आकडे तिनं आधीच पाठ केले होते.

आकड्यांच्या मागं ती पलीकडच्या गावी पोचली. होडी तिथंच होती, नव्या हिरव्या रंगात.

"माझी हाय," होडीपाशी उभा असलेला त्या गावचा देविदास म्हणाला.

गावचे सरपंच दोघांचा वाद ऐकून कंटाळले होते. "बाई, नुसत्या आकड्यांवर काहून इस्वास ठेवावा?"

"नका ठेवू. मी पाण्याकडं पाठ करून बसते. यानं होडी पायजे त्या काठाला न्यावी."

देविदास हसत वल्हवत गेला. घटकाभरानं मिराबाईनं फोन लावला, आलेला मेसेज वाचला.

"म्हसोबाच्या चिंचेखाली थांबून राहिला."

सरपंचांनी डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. होडी बराबर चिंचेखाली होती.

देविदास परतला. त्यानं वल्हं मिराबाईच्या हाती दिलं.

"आमचे आजे बैलांवर मीठ वाहायचे," होडीत चढत ती म्हणाली. "बैल चोरणारा पहिले वाजणारी घुंगरमाळ काढून फेकायचा. म्हणून होडीला ही मुकी, फळीखाली बांधली."