माणसाची भावकी

साल अडतीसचं. आमी शिरपूरच्या पारावर बसलो होतो. शेजारी उकंडराव म्हने, "माणसाची भावकी गाईसंग. आपन तिले मायच म्हनतो ना?"

मी म्हनलं, "माकडासंग! तुह्या तोंडाकडं पाह्य, साक्षीदार कायले पाह्यजे?"

सारे हासले. उकंडराव तापला, पैज लागली. हारला त्यानं बाजाराच्या दिवशी गळ्यात दावं घालून कोंडवाड्यात बसाचं. न्याय सुईण धनीबाईचा, तो शेवटचा. गावातली लेकरं तिच्याच हातावर झाली, अन गाय अडली तरी तिलेच हाक.

घरी बायकोनं, कस्तुराबाईनं, कपाळ ठोकलं. "त्याच दिवशी आपल्या पोरीले, विजयमालेले, पाहाले पाहुने येऊन राह्यले! सोयरीक मोडली त?"

"मी हारतो काय, बापा?"

पारावर धनीबाई तंबाखू मळत म्हने, "अंडं घालते तिची जात अलग. पोटात वारीवर, लेकरामागून पडते त्या गोळ्यावर, लेकरू वाढवते, त्याईचं कुळ एक. बाई, गाय, कुत्री, साऱ्या. पन वार वार सारखी नसते. गाईच्या वारीवर बटनं-बटनं. कुत्रीची पट्ट्यावानी. बाईची गोल, भाकरीवानी."

"अन वानरीची?"

"ते मले बोलावते काय बाळंतपनाले? झाडावरच खाऊन टाकते! पन एकडाव शिकाऱ्यानं गाभनी सशी फाडली, तिचीबी भाकरीच. माणसाची भावकी सशासंग."

"दोघंबी हारले!" सारा पार वरडला.

बाजाराच्या दिवशी एका दाव्याच्या दोन टोकाले आमी दोघं, मधात कोनाची तरी म्हैस. किसनसिंग मास्तर पुस्तक घेऊन पयत आले. "अहो, भाकरीवरून भावकी ठरत नाही! हात, नखं, दात, डोळे, सारं पाहा लागते. माणूस अन माकड एकाच गनात. ससा अलग. अन वानरीच्याबी भाकऱ्याच, दोन-दोन!"

"जितलो! सोडा मले!"

"गप बस बे," उकंडराव म्हने. "न्याय धनीबाईचा ठरला होता."

तेवढ्यात जऊळक्याच्या टेसनावरून पाहुन्याईची बैलगाडी आली. मुलाचा बाप, इंद्रभानजी, उतरला. "मुलीचे वडील कुठं हायेत?"

साऱ्या बाजारानं कोंडवाड्याकडं बोट केलं. कस्तुराबाईनं पदरात तोंड लपवलं. मी दाव्यासकट उठून रामराम घातला.

इंद्रभानजी कोंडवाड्याच्या भिंतीपाशी आला. "काहून बांधले तुमाले?"

मी सारं खरं सांगतलं. खोटं सुचलंच नाही, जिंदगीत पयल्यांदा.

"माकडासंग म्हनले तुमी?" तो खो-खो हासला. "मंग बरोबरच हाये. आमचं पोरगं दिवसभर आंब्यावरून उतरत नाही."

मले वाटलं, आता सोडवते. कायचं काय! तो म्हने, "पैज म्हंजे पैज. दिवस बुडेपर्यंत बसा." अन भिंतीले टेकून त्यानं पान काढलं. लग्नाची बोलनी तिथंच झाली: तो बाहीर, मी आत, अन मान हालवाले म्हैस.