सुईणीचं पाणी

माझं डोकं लवकर फिरतं, हे मला कोणी सांगायला नको. शांती नगरातल्या एका लॅबच्या काउंटरवर मी एकवीस वर्षं बसतेय. नाव, वय, उपाशी आहात का, डॉक्टर कोण, एवढंच मला हवं असतं. माणसं मात्र सुनेच्या स्वभावापासून सुरुवात करतात. मधेच तोडलं नाही, तर रांग जिन्यापर्यंत जाते. म्हणून मला तोडायची सवय लागली, आणि ती मी घरीही आणली.

आई सत्याहत्तरची होती, म्हणजे आधार कार्डावर. खरं वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सगळे तिला विमलाबाई म्हणायचे, पण विमल हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा रत्नागिरीचे, मिठागरावर कामाला आलेले. आई भाईंदरजवळ मुर्ध्याच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातली, ख्रिस्ती घरातली. कातरीन परेर. अठराव्या वर्षी बाबांचा हात धरून निघाली, भावांनी तिचं नाव टाकलं, आणि तिने परत त्या गावात पाऊल ठेवलं नाही. जवळजवळ साठ वर्षं तिने आमच्या घरात मोदक केले, वटपौर्णिमा केली. कधी कसली तक्रार नाही.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, तीन-चार महिने धरून चाला. आईने ते ऐकून घेतलं, घरी येऊन चहा प्यायली आणि म्हणाली, मला जाळू नका, माझ्या आयच्या बाजूला पुरा.

माझा धाकटा भाऊ पराग, त्याचं केबिन रोडला मोबाइलचं दुकान आहे. तो भडकलाच. बिल्डिंगमध्ये काय सांगायचं, बाबांच्या भावकीला काय सांगायचं. मी पण आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला, चर्चवाल्यांनी ती आपली आहे असं लिहून दिलं तर बघू, नाहीतर विषय बंद. आईच्या गावच्या चर्चचे फादर तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, तिचा बाप्तिस्मा इथे झालाय एवढी नोंद दाखवा, मी स्वतः घरी येऊन तिला भेटेन आणि जागाही देईन. नोंदीशिवाय गावाला मी काय तोंड दाखवू?

म्हणजे सगळं एका नोंदीवर आलं. आई जिवंत असेपर्यंत ती मिळायला हवी होती.

चर्चच्या ऑफिसात जुनी बुकं सांभाळायला बस्त्यावकाका होते. सत्तरीचे, चष्म्याला दोरी, मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते बारा. मी हाफ डे टाकून जायची. बुकात आडनावावर काही शोधता येत नाही, हे मला पहिल्या दिवशी कळलं. सगळं तारखेने आणि पाळण्यातल्या नावाने. आणि त्या गावात अर्ध्या बायका कातरीन, उरलेल्या मारी. काकांनी चार वर्षांच्या नोंदी पालथ्या घातल्या, बोट ओळीवरून सरकवत. जुझे आणि इजाबेल परेर यांची कातरीन कुठेच नव्हती. तिचे तिन्ही भाऊ होते, एकाखाली एक. तीच नव्हती.

घरी आले की आई उठून बसायची. मिळालं का? नाही म्हटलं की म्हणायची, "त्याला सांग, माज्यावर सुईनीनं पानी घातलेलं हाय."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हाय आणि न्हाय कधी ऐकलं नव्हतं, ते आता परत आलं होतं. मी म्हणायची, हो, सांगते. मनात म्हणायची, सुईण पाणी नाही घालणार तर काय करणार? जन्मलेल्या प्रत्येक पोराला पहिली आंघोळ सुईणच घालते. हे त्या माणसाला जाऊन काय सांगायचं? लॅबमध्ये दिवसभर हेच ऐकते मी.

दुसऱ्या खेपेला काकांनी आणखी सहा वर्षं बघितली. पुन्हा काही नाही. पुन्हा आईचं तेच, सुईण आणि पाणी. सुईणीचं नावसुद्धा सांगितलं, रेमेदबाय.

तिसऱ्या खेपेला काकांनी बुक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, बहुतेक तिला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणलंच नसेल. मग विचारलं, "म्हातारीला काही आठवतं का? काहीपण. फालतू वाटलं तरी सांग."

विचारलं त्यांनी. सरळ, स्पष्ट विचारलं. माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशपथ. पण बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती, बारा वाजत आले होते, आणि एवढ्या जाणत्या माणसापुढे पहिल्या आंघोळीची गोष्ट सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, नाही हो, काही नाही आठवत, वय झालंय.

त्या दुपारी आईने विचारलं, सांगितलंस का त्याला पाण्याचं? मी चपात्या लाटत होते. म्हटलं, सांगितलं. मग काय म्हणाला? म्हटलं, बघतो म्हणाला.

आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं बरं केलं खोटं बोलले. दोन दिवस ती भलतीच खुशीत होती. कपाटातून पांढरी साडी काढून घेतली, पुरायच्या पेटीत घालताना हीच नेसवा म्हणाली. परागला जवळ बसवून सांगितलं की आता काम झाल्यात जमा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आली, पलंगावर टेकली आणि गेली.

पराग म्हणाला, कागद आहे का? नव्हता. दुपारी भाईंदरच्या स्मशानात तिला अग्नी दिला, त्याच पांढऱ्या साडीत. अस्थी परागने तिसऱ्या दिवशी नाशिकला नेल्या आणि सोडून आला. मला विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

तेरावं झाल्यावर मी एकदा चर्चच्या ऑफिसात गेले. काकांनी इतकी मेहनत घेतली होती, आई गेली हे सांगणं माझं काम होतं. त्यांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. मला रडू आलं नव्हतं ते तिथे आलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले की बिचारी शेवटपर्यंत एकच घोकत होती, सुईणीने पाणी घातलंय, रेमेदबायने पाणी घातलंय.

काकांचा हात छातीवरच राहिला.

ते उठले, बुक काढलं आणि मागून उघडलं. मागून, उलटं. पोर जन्मतःच मरायला टेकलं आणि फादर वेळेवर पोचण्यासारखे नसले, तर सुईणच डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायची, म्हणाले. त्याला आमच्याकडे पाणी घातलं म्हणतात. तोही पूर्ण बाप्तिस्मा. पोर जगलं तर पुढे देवळात आणून बाकीचा विधी करायचे आणि मग पुढच्या पानांवर नाव चढायचं. तुझ्या आईला आणायचं राहिलं असेल. ज्यांना आणलं नाही त्यांची नावं इथे मागे. त्यातली बहुतेक पोरं जगलीच नाहीत, म्हणून जिवंत माणसाची नोंद शोधताना ही पानं कोणी उघडत नाही.

दोन मिनिटंही लागली नाहीत. कातरीन, जुझे आणि इजाबेल परेर यांची मुलगी, पाणी घालणारी रेमेद. वरच्या आणि खालच्या सगळ्या नावांपुढे छोटा क्रूस होता, मेल्याची खूण. आईच्या नावापुढची जागा कोरी होती.

मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. काका खुर्चीत बसले. म्हणाले, मी तीनदा बुक काढलं, एकदा मागून उघडलं असतं तर. स्वतःलाच दोष देत होते बिचारे. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "पण बाय, मी विचारलं होतं ना तुला? तेव्हा तिने हे सांगितलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा नव्हतं सांगितलं. मागाहून आठवलं तिला."

काकांनी मान हलवली, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं म्हणाले, आणि पेन घेऊन आईच्या नावापुढे क्रूस काढला.