टेकडीमागचं तळं

सिमरोलजवळच्या त्या गावात शलाका कितीतरी वर्षं सर्वेक्षणाला जात होती, पण बायका तिच्याशी अशा खुलून कधी बोलल्या नव्हत्या. आज त्या, सांगलीहून तिच्या ऑफिसात नुकत्याच रुजू झालेल्या इरावतीभोवती हसत बसल्या होत्या. गावात काय आहे आणि गावाला काय हवं, याचा नकाशा त्या रांगोळीनं अंगणात काढत होत्या.

शलाका बाजूला उभी राहून जळत होती. टेकडीमागचं तळं नकाशात नाही, हे तिला दिसलं. उन्हाळ्यात ते आटायचं, म्हणून कुणाला आठवलं नव्हतं. पावसाळ्यात मात्र तिथे सारस घरटं करायचे. ती मुद्दाम गप्प राहिली. नकाशा अपुरा म्हणून ऑफिसात हिला बोलणी बसू देत!

तेवढ्यात इरावतीनं विचारलं, "शलाकाताई, हे गाव तुम्हाला जास्त ठाऊक. काही राहिलं का?"

वरून ही चांगलीसुद्धा! शलाकाला आणखीच झोंबलं. पण सारसांची जोडी डोळ्यांसमोर आली, तशी तिनं रांगोळी उचलली.

"पहाडीमागचा तालाब राहिला ना," ती म्हणाली.

"अरे, यो तो रई ग्यो!" बायका ओरडल्या.

परतताना जीपमध्ये इरावती आभार मानत राहिली. इंदूर येईपर्यंत शलाका तिच्याशी धड बोलली नाही.