डबा संपला, पण जेवलं कोण?

मी एक डबा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, वर कडी असलेला. बोलतोय म्हणजे माझं झाकण सैल झालंय असं समजू नका, मुद्दाम उघडलंय. इतकी वर्षं मी लोकांची तोंडं चालताना बघत आलो, आता जरा माझं चालू द्या.

माझा जन्म कारखान्यातल्या दाबयंत्राखाली झाला. सपाट पत्र्याला एक दणका बसला आणि मला पोट आलं. माणसांना पोट आलं की ती आरशासमोर उभी राहून तोंड वाकडं करतात. मला मात्र माझ्या पोटाचा अभिमान आहे. पोट नसतं तर मला डबा कोण म्हणालं असतं? ताटलीच म्हणाले असते.

दुकानाच्या फळीवरून मला ज्या बाईंनी उचललं, त्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला बोटांनी टकटक वाजवून पाहिलं, पाणी भरून उलटं केलं, कडी दहादा उघडून दुकानदाराचा जीव नकोसा केला आणि मग म्हणाल्या, "हाच द्या. माझी सून बंबावर लागलीय. ती आगीत शिरणार, तिला पोटभर नको का?"

ती सून म्हणजे माझी मालकीण. अग्निशमन केंद्रात तिला सगळे खारूताई म्हणायचे, कारण सरावाच्या मनोऱ्यावर शिडी लावली की ही सरसर वर पोचायची आणि बाकीचे अजून बुटांचे बंद बांधत असायचे. केंद्रातले सगळे डबे एका तोंडवळ्याचे, म्हणून तिने खिळ्याने माझ्या बुडावर एक झुपकेदार शेपूट कोरलं. कोरताना दुखलं, पण मिरवायला काहीतरी मिळालं.

तेव्हाचे दिवस काय सांगू! दुपारी सराव संपला की ती हात धुवून यायची, माझे तिन्ही कप्पे समोर मांडायची आणि बोलत, हसत, बोटं चाटत जेवायची. शेजारी बंबाचा चालक बसायचा. त्याला सगळे बकासुर म्हणत. स्वतःचा डबा संपला की तो दुसऱ्यांच्या डब्यांकडे अशा प्रेमाने बघायचा की दगडालाही पाझर फुटावा. खारूताईला फुटायचा नाही. "हात मागे," म्हणायची. संध्याकाळी सायकलला लटकून मी घरी निघालो की पोटातला चमचा खणखण वाजायचा. रिकाम्या डब्याचा तो आवाज मला फार आवडतो. काम फत्ते झाल्याचा आवाज आहे तो.

मग एका गोदामाच्या ओल्या जिन्यावरून तिचा पाय घसरला. हाड मोडलं. ती महिनोन्‌महिने पलंगावर आणि मी फळीवर. सासूबाईंनी माझ्यात बटणं, सुतळीचे तुकडे आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या भरल्या. अन्नाच्या डब्याला बटणं! ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

हाड जुळलं, पण पडून पडून खारूताईचं वजन चांगलंच वाढलं. ती कामावर परतली त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. बकासुर मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "खारूताई, जपून हं, आता फांदी मोडेल!" सगळे हसले. तीही हसली. मी तिच्या हातात होतो, म्हणून मला कळलं की तिची मूठ माझ्या कडीवर घट्ट आवळली होती.

केंद्राचे साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, शिडीवर माणूस चढवायचा तर मला नियम पाळावा लागतो. वार्षिक चाचणीत वजन मर्यादेत आलं आणि पाईप खांद्यावर घेऊन मनोरा चढलीस, तर पहिली शिडी तुझीच. नाहीतर कायमची फोनच्या टेबलावर. मला वाईट वाटेल, पण इलाज नाही."

फोनचं काम कमी दर्जाचं मुळीच नाही. पण खारूताईला खुर्चीत बसवणं म्हणजे खारीला पिंजऱ्यात कोंडणं. तिने त्याच दिवशी ठरवलं, वजन उतरवायचंच.

ती झपाटल्यासारखी मागे लागली. सकाळी पटांगणाला फेऱ्या, मग दोरीवरच्या उड्या, मग पाईपांची वेटोळी उचलून जिने चढणं. इथवर ठीक होतं. पण दुपारी ती मला उघडायची, काकडीच्या चार चकत्या उचलायची आणि उरलेल्या जेवणासकट मला बकासुरापुढे सरकवायची.

"अगं, आणि तू?" तो विचारायचा.

"मला भूक नाही रे."

खोटं! मी तिच्या मांडीवर असायचो. तिच्या पोटातली गुरगुर मला पत्र्यातून ऐकू यायची. पण बकासुराच्या पुढ्यात भात आला की त्याचे कान बंद होतात.

घरी पोचल्यावर सासूबाईंचा प्रश्न ठरलेला. "डबा संपला?"

"संपला, आई."

बघा, कशी बोलायची! तिला खोटं बोलता येत नाही. "जेवले" असं ती चुकूनही म्हणायची नाही. डबा संपला, हे अगदी खरं होतं. कुणी संपवला, हे कुणी विचारतच नव्हतं. आणि सासूबाई मला धुताना खूश व्हायच्या की पोरगी व्यायाम करतेय आणि जेवतेयही. त्या घरात रिकामा डबा हा भरल्या पोटाचा पुरावा होता, आणि तो पुरावा मी होतो. चमचा खणखण वाजायचा आणि मला तोंड लपवावंसं वाटायचं.

सुरुवातीला काटा भराभर खाली आला. ती हरखली. मग काटा जो अडला, तो हलायलाच तयार होईना. तिने फेऱ्या वाढवल्या, काकडी कमी केली. काटा ढिम्म. तिचे हात भर दुपारी गार पडायला लागले. नवऱ्याने बिचाऱ्याने साधं "चहा घेतेस?" विचारलं, तर त्याच्यावर अशी खेकसली की तो कप तसाच घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला.

आणि मग ती सकाळ आली. सरावासाठी मनोऱ्याला शिडी लावली होती. मी ओट्यावर, समोरच. खारूताईने पाईप खांद्यावर घेतला आणि चढायला लागली. अर्ध्यावर ती थांबली. मला वाटलं दम खातेय. पण तिची मान एका बाजूला कलली आणि एक हात शिडीवरून सुटला. खाली उभा बकासुर "अगं धर! धर!" असं ओरडत त्या भल्यामोठ्या देहानिशी वर धावला आणि त्याने तिला कंबरपट्ट्याला धरून शिडीशी दाबून ठेवलं. त्याने आणि आणखी एका जवानाने मिळून तिला उतरवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. माझे तिन्ही कप्पे काठोकाठ भरलेले होते आणि मी काहीच करू शकलो नाही.

दवाखान्यात बकासुराने मलाही नेलं, कदाचित सवयीने. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"काल?"

"काकडीच्या दोन चकत्या," ती पुटपुटली. बकासुराने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे इतके दिवस... तुझ्या वाटचं मी..." त्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मला बंबातलं काही कळत नाही. तू सांग. टाकीत पाणी नसताना पंप चालवला तर काय होतं?"

"पंप जळतो," ती पटकन म्हणाली. "कोरडा पंप कधीच फिरवायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवतात."

"बरं. मग आग कशी विझवायची?"

खारूताईने माझ्या भरलेल्या कप्प्यांकडे पाहिलं. मग मान खाली घालून रडायला लागली. त्या बाईंनी तिला रडू दिलं आणि नंतर शांतपणे सांगितलं, "वजन उतरवायला थोडं कमी खायचं असतं गं, उपाशी नाही राहायचं. एवढी मेहनत करतेस आणि वर खायलाच घालत नाहीस, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं आणि उरलेलं जपून वापरायला बघतं. मग अंगात ताकद नाही आणि काटाही हलत नाही. हळू उतरू दे. जेवून उतरू दे."

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकलं. आदळआपट होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी मला जवळ ओढलं.

"रोज संपला म्हणायचीस."

"संपलेलाच असायचा, आई."

"आणि मी बावळट, कुणी संपवला ते कधी विचारलं नाही." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि एकदम वसतिगृहातला जुना आवाज लावला. "आजपासून या घरात 'डबा संपला' चालायचं नाही. 'मी जेवले' म्हणायचं. आणि म्हणता येत नसेल तर इथे माझ्यासमोर बसून जेवायचं!"

त्या दिवसापासून माझी रचना बदलली. खालच्या मोठ्या कप्प्यात घट्ट डाळ आणि उकडलेली अंडी, मधल्यात भरपूर भाजी, वरच्यात बेताचा भात, शिवाय पिशवीत एक फळ. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, ना कमी ना जास्त. बकासुर तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखा बसायचा. शेवटचा घास जाईपर्यंत स्वतःच्या डब्याला हात लावायचा नाही. त्याच्या आयुष्यातला एवढा मोठा त्याग मी दुसरा पाहिला नाही.

पहिले काही दिवस ती घाबरत घाबरत जेवली. प्रत्येक घासाबरोबर फोनचं टेबल जवळ येतंय असं तिला वाटायचं. पण हळूहळू हात गरम राहायला लागले. झोप लागायला लागली. फेऱ्या तेवढ्याच, पण आता ती धावताना शीळ घालायची. नवऱ्याला आपण होऊन चहा करून दिला, तेव्हा तो आधी घाबरलाच. आणि रुसून बसलेला काटा एका सकाळी कुरकुरत का होईना, खाली सरकला. मग आठवड्या-आठवड्याने सरकतच राहिला.

चाचणीचा दिवस उजाडला. आधी वजन, मग मनोरा. न्याहारीच्या ताटासमोर ती नुसती बसून राहिली. मला तिच्या मनातलं दिसत होतं. आज एक दिवस नाही खाल्लं तर? काट्यावर तेवढंच हलकं. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. माझी कडी न हलवताही वाजेल की काय असं मला झालं.

तिने ताट पुढे ओढलं. "कोरडा पंप नाही," ती स्वतःशीच पुटपुटली आणि अंड्यापासून सुरुवात केली.

केंद्रावर ती वजनकाट्यावर उभी राहिली. काटा डोलला, वर गेला, खाली आला आणि अगदी मर्यादेच्या रेघेवर येऊन थांबला. साहेब वाकून बघायला लागले. बकासुराने श्वास रोखला. त्याच्या शर्टाचं एक बटण त्याच वेळी निसटलं.

"न्याहारी करून आलीस?" साहेबांनी विचारलं.

"केली, साहेब. पोटभर."

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. "मग न्याहारीसकट पास. चल, शिडी लाव."

आणि माझी खारूताई चढली! पाईप खांद्यावर, नजर वर, आणि पाय सरसर, सरसर. अर्ध्यावर, जिथे तिची मान कलली होती, तिथे तिने वेग वाढवला. टोकाला पोचून तिने तिथली घंटा अशी बडवली की पलीकडच्या दुकानांतले लोक आग लागली समजून रस्त्यावर आले. खाली सगळे टाळ्या पिटत होते, बकासुर उघडपणे रडत होता आणि ओरडत होता, "फांदी मोडली का रे? कुणी म्हटलं होतं फांदी मोडेल म्हणून?"

"तूच!" ती वरून ओरडली.

त्या दुपारी तिने मला उघडलं आणि पूर्वीसारखी, बोलत, हसत, बोटं चाटत जेवली. बकासुराने सवयीने प्रेमळ नजर टाकली. "हात मागे," ती म्हणाली. इतकी गोड दटावणी मी पुन्हा ऐकेन असं वाटलं नव्हतं.

आता मी म्हातारा झालोय. एका बाजूला पोचे पडलेत, बुडावरचं शेपूट झिजलंय. खारूताई नव्या मुलींना शिडी शिकवते आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे डबे उघडून बघते, आधी कोण काय जेवणार ते विचारते आणि मगच कुणाला वर चढू देते.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. घरी कुणी घाम गाळून वजन उतरवत असेल, तर त्याचा डबा संपला का हे विचारू नका. आम्ही डबे कुणाच्याही हातून रिकामे होतो. "जेवलीस का?" असं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.

ऐका, सायकल थांबली. दारात सासूबाई उभ्या आहेत. पोटातला चमचा खणखण वाजतोय आणि आज मला तोंड लपवायचं काही कारण नाही.

"जेवलीस?"

"जेवले, आई. भात थोडा कमी पडला."