पेटीतला फेटिया

नेमसिंग पंचायत समितीत कारकून लागला, तेव्हा तांड्यातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना त्याचंच नाव सांगितलं जायचं. आर्णीकडच्या त्या बंजारा तांड्यातून नोकरीला लागलेला तो पहिलाच. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला त्यानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, बायकोला, जमनीला, आणून ठेवलं आणि शर्टाला रोज इस्त्री मारू लागला. शेजारीपाजारी कुणी असलं की तो घरातही आपली बंजारा गोरबोली बोलायचा नाही. जमनीनं तांड्यातले कपडे सोडून लुगडं नेसायला सुरुवात केली होती.

त्या वर्षी फाल्गुनात तांड्यात आग लागली. चार-सहा झोपड्या गेल्या. नेमसिंगच्या बापाची, थावराची, झोपडी थोडक्यात वाचली. आठवड्याभरात त्याची आई रुपीबाई डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन एसटीनं यवतमाळला आली. जमनीला दिवस गेले होते आणि तिला माहेरी आई नव्हती, म्हणून रुपीबाई काही दिवस राहणार होती. पण तिनं येण्याचं खरं कारण पेटी होती.

"तांड्यात गवताचे छप्पर," ती म्हणाली. "तुह्या घरावर कवेलू हायत. इथं पेटी राहीन ते बरं राहीन."

पेटीत तिचा लग्नातला फेटिया होता. लाल-निळ्या पट्ट्यांचा, आरसे नि कवड्या जडवलेला घेरदार घागरा, त्यावरची कांचळी म्हणजे चोळी आणि डोक्यावरून घ्यायची ओढणी. ते भरतकाम तिच्या आईनं आणि तिनं मिळून कितीतरी पावसाळे बसून केलं होतं. तसं काम आजूबाजूच्या तांड्यांत नव्हतं. म्हणून तांड्यात कुणाचीही पोर लग्नाला उभी राहिली की रुपीबाईकडून फेटिया नेत, आणि लग्न झालं की झटकून, घडी करून परत आणत. त्यासाठी रुपीबाईनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

यवतमाळात मात्र तिनं रोजचे कपडे काढून लुगडं नेसावं असं नेमसिंगनं सुचवलं. "इथल्या बायका पाहून राह्यतात, याडी," तो आईला म्हणाला. रुपीबाईनं एक दिवस नेसून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आपले कपडे घातले आणि नळावर पाणी भरायला गेली. नेमसिंग त्या दिवशी नळासमोरून न जाता मागच्या गल्लीतून ऑफिसला गेला.

चैत्रात थावराचा निरोप आला. लालसिंगच्या पोरीचं, मानीबाईचं, लग्न ठरलं होतं. लालसिंग म्हणजे रुपीबाईचा चुलतभाऊ. ती तांड्यात गेली. पेटी जड होती आणि लालसिंग यवतमाळला बाजाराला येणारच होता, तेव्हाच मानीबाईसाठी फेटिया नेईल म्हणून ती पेटी मुलाकडेच ठेवून गेली.

नेमकं त्याच आठवड्यात नेमसिंगनं ऑफिसातल्या हेडक्लार्कला बायकोसह चहाला बोलावलं. बोलावल्यावर त्याला आपलं घर दिसलं. कोपऱ्यात जातं, मोडक्या पायाची बाज, काळी पडलेली पितळी भांडी, सुतळीनं बांधलेली गाठोडी आणि मधोमध ती पेटी. बसायला जागा नव्हती आणि चहा द्यायला कप नव्हते.

त्यानं जुन्या सामानाचा धंदा करणाऱ्या कय्युमला हाक मारली. कय्युम हातगाडी घेऊन दारात आला. बाज गेली, भांडी गेली, जातं गेलं. मग नेमसिंगनं पेटी पुढे ओढली आणि झाकण उघडलं.

जमनी आतून म्हणाली, "याडीले येऊ द्या ना."

"याडी आता हे घालनार हाय का? कसर लागून राह्यली त्याले," नेमसिंग म्हणाला. कसर लागली नव्हती.

कय्युमनं फेटिया उचलून उन्हात धरला. आरशांचे कवडसे भिंतीवर नाचले. 

"साहेब, हे बाईमाणसाचं सामान हाय. मेहनतीचं. अम्मीले पूछा का?"

"तिनंच सांगतलं," नेमसिंग म्हणाला. पेटी फेटियासकट हातगाडीवर गेली.

त्या पैशात चिनीमातीच्या कपबशा आल्या, दोन खुर्च्या आल्या. रविवारी हेडक्लार्क आले, खुर्चीवर बसले. त्यांच्या बाईंनी घर नेटकं आहे म्हणून कौतुक केलं आणि विचारलं, "सासूबाई इथंच असतात का?"

"नाही, गावी असतात," नेमसिंग पटकन म्हणाला. जमनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि कप उचलून आत गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रुपीबाई परत आली. सोबत लालसिंग होता. त्यानं लग्नाचं सामान घेतलं होतं, गाठोडं दारात टेकवून तो खुर्चीच्या टोकावर बसला. नेमसिंग ऑफिसातून जेवायला आला होता. 

"बस रे लालसिंग, चहा घे," रुपीबाई हसत म्हणाली. "मी पेटी काढतो."

ती आत गेली. जमनीनं नव्या कपात चहा आणून दिला. आतून काहीच आवाज येत नव्हता. गाठोडी सरकवल्याचा नाही, झाकणाचा नाही. नेमसिंगला उठून आत जावंसं वाटलं, पण तो खुर्चीतच बसून राहिला. जमनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिनं मान खाली घातली होती.

रुपीबाई बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. तिनं आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. नेमसिंगनं नजर चहात बुडवली. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

"लालसिंग," ती म्हणाली, "तुले एक सांगाचं राह्यलं. फेटिया नाई आता. म्या इकला."

लालसिंगला आधी ती चेष्टा वाटली. "काय म्हनते बाई? मोटारीत बसल्यापासून तू सांगून राह्यली, मानीले असा बसंन अन् तसा बसंन..."

"लाज वाटत होती. तोंडातून निंगत नव्हतं. पैशाची अडचन आलती, इकून टाकला."

लालसिंगनं कप बशीत ठेवला. चहा अर्धा तसाच होता. त्यानं नेमसिंगकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. नेमसिंगला एवढंच बोलायचं होतं, 'मामा, म्या इकला.'  पण त्यानं चमचा कपात ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"ठीक हाय," लालसिंग उठत म्हणाला. "पोरीले सांगतो." गाठोडं खांद्यावर टाकून तो निघून गेला.

तो गेल्यावर नेमसिंग म्हणाला, "याडी, तू काहून..."

"तांड्यातल्या मायबाया पोराईले तुह्यं नाव सांगतात," रुपीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते नाव मले खराब नव्हतं करायचं. माह्यं काय, मी म्हातारी." मग ती नळावर गेली आणि अंधार पडेपर्यंत पाणी भरत राहिली, घरातली सगळी भांडी भरली तरी.

नेमसिंग त्याच संध्याकाळी कय्युमकडे गेला. दुकानात बाज होती, जातंही होतं. फेटिया नव्हता.

"नागपूरचा एक आदमी येते, नाटकवाल्याईले कपडे भाड्यानं देते. त्यानं नेला," कय्युम म्हणाला. नेमसिंगचा चेहरा पाहून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "काय झालं साहेब? तुमी तं म्हनलं, अम्मीनंच सांगतलं."

नेमसिंग जात्याकडे पाहत राहिला.

"मी पूछलं होतं तुमाले," कय्युम हळूच म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर नेमसिंगला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रुपीबाई तांड्यात निघून गेली.

वैशाखात मानीबाईचं लग्न लागलं. नेमसिंग आणि जमनी आदल्या दिवशी पोहोचले. तांड्यात बातमी आधीच फिरली होती. रुपीबाईला कुणी वाईट बोललं नाही, पण भाकरी थापताना तिच्या बाजूची जागा रिकामी राहत होती. नवरीला हळद लावताना बायकांनी गाणं धरलं, तेव्हा रुपीबाईला कुणी पुढे बोलावलं नाही. पूर्वी पहिली ओळ तिची असायची. थावरा दिवसभर बैलांपाशी बसून होता. नेमसिंग त्याच्या पाया पडायला गेला तर तो म्हणाला, "तुह्या मायनं काहून केलं असं? मले तरी सांगाचं होतं. म्या एक बैल इकला असता."

"बा..." नेमसिंग म्हणाला आणि थांबला. नेमकं तेवढ्यात कुणीतरी बापाला हाक मारली. नेमसिंगला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच त्याला जास्त शरम वाटली.

पाठवणीची वेळ आली. नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, आपलं बालपण, आपली माणसं आठवते, अशी तिथली रीत. मानीबाईनं कुणाचा तरी साधा फेटिया घातला होता, तो तिला आखूड होत होता. ती एकेकीच्या गळ्यात पडत रुपीबाईपाशी आली. रुपीबाईनं हात पसरले. मानीबाई क्षणभर थांबली. तेवढ्यात मागून एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "हिच्या फेटियात साऱ्या तांड्याच्या पोरी सासरी गेल्या. मानीच्या वक्ताले फेटिया बाजारात गेला."

दोन-चार बायका हसल्या. थावरा उठला आणि काही न बोलता शेताच्या वाटेनं चालू लागला. रुपीबाईचे हात तसेच पसरलेले होते.

"म्या इकला," नेमसिंग म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलं नाही. तो माणसांतून वाट काढत बायकांच्या घोळक्यापर्यंत गेला आणि पुन्हा म्हणाला, "याडीनं नाई, म्या इकला. तिले माहीतही नव्हतं. साहेब घरी येनार होते, मले घरात ते पेटी नोको होती. मले त्याची लाज वाटत होती."

रडणं थांबलं, गाणं थांबलं. नेमसिंगला वाटलं, आता कुणीतरी शिव्या देईल, कुणी अंगावर येईल. काहीच झालं नाही. माणसं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहत राहिली. ज्यांची पोरं शाळेत जात होती, ती माणसंही पाहत राहिली. एकानं आपल्या पोराला मागे ओढून घेतलं. शेवटी तांड्याचा कारभार पाहणारा नायक म्हणाला, "चला, वरातीले उशीर होऊन राह्यला."

"मले त्याच दिवशी समजलं होतं," लालसिंग त्याच्याजवळून जाताना म्हणाला. "बाई इकत नसते."

मानीबाई रुपीबाईच्या गळ्यात पडली आणि दोघी रडल्या. पण गाण्याची ओळ रुपीबाईच्या तोंडून आली नाही.

वऱ्हाड गेल्यावर नेमसिंग आईजवळ जाऊन बसला. त्याला वाटलं होतं, ती आता पाठीवरून हात फिरवील.

"कायले बोललास?" ती म्हणाली. "म्या एक लाज पदराखाली घेतली होती. तू दोन उघड्या केल्या, तुही अन् माही. अन् बोलाचंच होतं तं मामा दारात बसला होता तवा बोलाचं होतं. तवा म्या लाज घेतलीच नसती."

 अंधार पडल्यावर थावरा शेतातून परतला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो बायकोजवळ बसला, तिच्या ताटात आपल्या हातानं भाकर वाढली. मुलाशी बोलला नाही.

पावसाळ्यात जमनीचे दिवस भरत आले. नेमसिंग आईला आणायला पुन्हा तांड्यात गेला. ती येईल की नाही याची खात्री नव्हती. रुपीबाईनं त्याचं ऐकून घेतलं, थोडा वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे केली.

"सुनेसाठी येतो," ती म्हणाली. "लुगडं नेसनार नाई."

"नोको नेसू," नेमसिंग म्हणाला.

यवतमाळच्या स्टँडवर उतरून दोघं पायी निघाले. रुपीबाई आपल्या रोजच्या फेटियात होती, हातात बांगड्या, केसांत घुगऱ्यांचे चांदीचे दागिने. चिखलातून चालताना ती थकली तेव्हा नेमसिंगनं तिचं गाठोडं घेतलं आणि तिचा हात धरला. नळावर बायका पाणी भरत होत्या. त्यांनी घागरी खाली ठेवल्या आणि पाहू लागल्या. एकीनं विचारलं, "भाऊ, या कोण?"

"माही माय," नेमसिंग म्हणाला.

त्यानं आईचा हात सोडला नाही. पण त्याचा चेहरा तापला होता आणि डोळे आपोआप रस्त्यावर फिरत होते, ऑफिसातलं कुणी येतंय का ते शोधत. रुपीबाईला ते हातातूनच कळलं असावं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. घर समोर दिसत होतं, दारात जमनी पोट धरून उभी होती, आणि रुपीबाई मुलाचा हात सोडवून भराभर तिच्याकडे चालत गेली.